लाल पिशवी

आमच्या गल्लीत घंटागाडी यायची तेव्हा तिच्या भोंग्यावर स्वच्छतेचं एकच गाणं वाजायचं. ते इतकं बेसूर होतं की मी रोज सकाळी मनातल्या मनात शिव्या घालायचो. आता ते गाणं चौकातच वाजतं, आमच्या दारापर्यंत येत नाही, तर त्याचाही मला राग येतो. याला राग यायला काही कारण लागत नाही, असं मला ओळखणारे म्हणतील. म्हणू देत. हा राग मात्र फुकटचा नाही.

गावाचं नाव सांगत नाही. तालुक्याचं गाव आहे, धुळ्याला जा नाहीतर जळगावला, एसटीत सारखंच अंग मोडतं. घराच्या पुढच्या खोलीत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या विहिरींवर जळलेल्या मोटारी माझ्याकडे येतात, मी त्यांचं तांबं काढतो आणि नवं भरतो. बायको जाऊन काही वर्षं झाली, मुलगी सावद्याला दिली. मागच्या खोलीत माय असते. तिचं माहेर सोनगीर, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी वाढल्यामुळे की काय कोण जाणे, तिचा आवाज पहिल्यापासून चार गल्ल्या ओलांडून जाणारा. गल्ली तिला आक्का म्हणते आणि अजूनही थोडी घाबरते.

घरातून काय बाहेर टाकायचं आणि काय नाही, याचे मायचे नियम कडक. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते आणि तिच्या नैवेद्याचे रोट होतात, तेव्हा तर फारच. रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत, आणि त्यातलं उष्टं, खरकटं, चाळणीतला कोंडासुद्धा कचऱ्यात जायचा नाही. आमच्याकडे त्यासाठी परसात खड्डा करायचे. पुढे परसात फरशी बसली, गल्लीत काँक्रीट झालं, आणि गावात खड्डा करायला हातभर माती राहिली नाही. तेव्हापासून मी ते सगळं डब्यात भरून चुलत भावाच्या शेतात नेऊन पुरतो. देवीचा कण गटारात गेला तर माय मला जिवंत ठेवायची नाही.

अशा बाईचं अंथरूण एके दिवशी ओलं झालं.

गुडघे तर आधीच गेले होते, खाटेवरून उतरणं बंद झालं होतं. ते गल्लीला माहीत होतं आणि त्यात लाज नव्हती, म्हाताऱ्या माणसाचे गुडघे जायचेच. पण हे वेगळं. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "कोनले कयू देऊ नको. बठ्ठी गल्ली हासी." कुणाला कळू देऊ नकोस, सगळी गल्ली हसेल, ही तिची पहिली अट. आणि दुसरी अट माझ्यासाठी: मी जे काय करीन ते चादरीखाली हात घालून करायचं, डोळे मिटून. लेकाने आईचं एवढं करावं, पण बघू नये. मी तसंच करायचो. डोळे मिटून मोटारीच्या स्टेटरमधल्या, तार भरायच्या खाचा चाचपायची मला सवय आहे, हात चुकत नाहीत.

डायपर मी धुळ्याहून आणायचो. गावातला औषधवाला तिच्या माहेरच्या नात्यातला, त्याच्याकडे घेतलं असतं तर जेवणाआधी सोनगीरला कळलं असतं. साड्यांच्या दुकानाची एक मोठी पिशवी मी जपून ठेवली होती, त्यातून यायचे. वापरलेलं वर्तमानपत्रात गुंडाळायचं, काळ्या पिशवीत घालायचं, गाठ मारायची, बादलीत तळाशी ठेवायचं आणि वरून केळीची सालं, वांग्याची देठं. सकाळी घंटागाडीमागून चालत येणारी बाई बादली घ्यायची, गाडीत रिकामी करायची आणि परत द्यायची. तिला वजनावरून कळत असणारच. तिने कधी मान वर करून बघितलं नाही. आमचं हे न बोलता ठरलेलं होतं, आणि ते रोजच्या रोज चालू होतं म्हणून मायची अब्रू शाबूत होती. बस. एका घंटागाडीवर एका बाईची अब्रू टांगलेली होती, हे नगरपालिकेला कुठून माहीत असणार!

नगरपालिकेला सुचलं की कचऱ्याच्या पद्धतीत बदल करायचा. नागरिकांची मतं घेण्यासाठी सभा ठेवली, आषाढात, लग्नाच्या हॉलमध्ये. साहेबांनी पडद्यावर चार रंगांचे चार डबे दाखवले. ओला वेगळा, सुका वेगळा, औषधं नि बॅटऱ्या वेगळ्या. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. वेगळं करायलाच पाहिजे, मी स्वतः तांब्यात लोखंड मिसळू देत नाही. मग साहेब म्हणाले, गाडी आता गल्लीबोळात शिरणार नाही, वेळ जातो. ओला-सुका कचरा नागरिकांनी चौकात आणून द्यायचा, एक दिवसाआड. आणि डायपर, पॅड वगैरे लाल पिशवीत भरून दर गुरुवारी दारावर दर्शनी बाजूला अडकवायचं. तेवढ्यासाठी गाडी गल्लीत येईल. आठवड्यातून एकदा. काळ्या पिशव्या सक्तीने बंद.

दारावर! दर्शनी बाजूला! लाल रंगाची! म्हणजे कोणाच्या घरात कोण काय घालतं, त्याचं तोरण लावा.

मी आधी बाकीच्यांचं ऐकून घेतलं. कोणी म्हणालं, चौकातली गाडी माझ्या दुकानासमोर उभी नको. कोणी म्हणालं, डब्यांना झाकणं कोण देणार? एकजण गटारीवर बोलत बसला, त्याला प्रत्येक सभेत गटारीवरच बोलायचं असतं. लाल पिशवीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पुढच्या रांगेत ज्यांच्या घरी पाळणा हलतोय असे बसले होते, ज्यांच्या घरी वयात आलेल्या मुली आहेत असे बसले होते. सगळे वर पंख्याकडे बघत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची! मला वाटलं, मी चौकाबद्दलच बोलावं. म्हातारी माणसं बादली घेऊन चौकापर्यंत कशी जातील, असं काहीतरी सभ्य. उभाही तसाच राहिलो. पण तोंड उघडलं आणि मला मे महिना आठवला. आमच्याकडचा मे महिना. केळीची पानं उभ्या जागी भाजतात, पत्र्याखाली दुपारी कुत्रंसुद्धा बसत नाही, आणि अशा उन्हाळ्यात आठ दिवस...

"साहेब, आठ दिवस?" मी म्हणालो. माझा आवाजही सोनगीरचाच आहे. "मे महिन्यात आठ दिवस तुम्ही ते घरात ठेवून दाखवा. बंद खोलीत. आणि त्याच खोलीत बसून जेवून दाखवा."

लोक हसले. साहेब मात्र हसले नाहीत, ते शांत होते, आणि शांत माणसाचा मला जास्त राग येतो. ते म्हणाले, "काका, आपल्या घरी असा कचरा निघतो का? म्हणजे सूचना नेमकी नोंदवता येईल."

तेवढ्यात आमच्याच वॉर्डाचा नगरसेवक, ज्याला लहानपणी मायने कैऱ्या चोरताना कान धरून घरी पोचवला होता, तो मदत करायला पुढे सरसावला. "ह्यांच्याकडे दोघंच ना साहेब. नाना आणि आक्का."

हॉलमधली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. एकेका चेहऱ्यावर मला हिशोब होताना दिसला. घरात दोघं, नाना धडधाकट उभा आहे, म्हणजे... तो हिशोब पूर्ण व्हायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती आणि डोक्यात दुसरं काही सुचत नव्हतं.

"मला लागतात," मी म्हणालो. "मी वापरतो. डायपर. घ्या लिहून."

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा हॉल फुटला. मी पन्नाशी ओलांडलेला, मिशा ठेवणारा, भांडखोर म्हणून ओळखला जाणारा माणूस. त्यांच्या दृष्टीने याच्यापेक्षा मोठी मेजवानी नव्हती. साहेबांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं. "सूचनेची नोंद घेतली आहे," म्हणाले, आणि हात वर करायला सांगितले. हात वर झाले. पाळणेवाल्यांचेसुद्धा झाले. बायकांच्या बाजूला आमच्या समोरच्या घरातली सिस्टर बसली होती, सरकारी दवाखान्यात नर्स आहे ती. तिने हात वर केला नाही आणि ती हसलीही नव्हती. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला तिचाही राग आला. तिला कळलंय, हे मला दिसत होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. पानटपरीवर गेलो की कोणीतरी बाकावरून उठून जागा करून द्यायचं, "बसा नाना, तुम्ही उभं राहू नका." एक गिऱ्हाईक तर दुकानात येऊन म्हणालं, "नाना, मोटारीची गळती तुमी बरोबर पकडतस, मंग घरनी का बरं नही?" मी त्याची मोटार उचलून रस्त्यावर ठेवली आणि त्याला सांगितलं, जळगावला जा, तिकडे कोरडे कारागीर आहेत. माणसं चेष्टा करतात ते ठीक आहे, आम्हीही केलेली आहे. पण मला राग याचा होता की कचऱ्याबद्दल कोणी बोलतच नव्हतं. पालिकेने बदल केला आणि गावाला हसायला नाना मिळाला. प्रश्न तिथेच मेला.

प्रयोग म्हणून पहिली सुरुवात आमच्याच गल्लीपासून झाली. श्रावण लागायच्या आधी घरोघर लाल पिशव्या वाटल्या. पहिल्या गुरुवारी मी दुकानाचं शटर वर केलं, पिशवी कडीला अडकवली आणि गल्लीवरून नजर फिरवली. एवढ्या मोठ्या गल्लीत एकच पिशवी, ती आमची. म्हणजे बाकीच्या घरांत बाळंही नाहीत, पोरीही नाहीत, म्हातारेही नाहीत! मग त्यांचं जातं कुठे, ते मी दुसऱ्या दिवशी पुलावरून जाताना पाहिलं. नाल्यात पांढरी गाठोडी फुगून तरंगत होती. सकाळी लवकर स्कूटरवरून जाताना लोक पुलावर वेग कमी करत आणि पिशवी सोडून देत. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! पुलावर उभा राहून मी इतका ओरडलो की खाली म्हशी धुणारा माणूस वर बघायला लागला.

घर गल्लीला आडवं लागून आहे, म्हणून मागच्या खोलीतही मायच्या खाटेजवळ गल्लीकडे उघडणारी गज लावलेली खिडकी आहे. तिथून तिला दार दिसतं. "ती लाल पिशवी कसानी रे?" तिने विचारलं.

"दुकानातली आहे. वार्निशचे डबे, जळकी तार. सरकारने वेगळं ठेवायला सांगितलंय."

तिचा विश्वास बसला. सभेत काय झालं हेही तिला माहीत नव्हतं. ती खाटेवर होती आणि तिच्यासमोर गल्ली जीभ चावून बोलायची, म्हणून ते इतके दिवस टिकलं.

मग कानबाईचा रविवार आला. आमच्या भाऊबंदकीत माय सगळ्यांत मोठी, म्हणून देवी आमच्याच घरी बसते. दुकानातल्या मोटारी मी बाजूला रचल्या, पुढची खोली धुतली, चौरंगावर कानबाई मांडली. चुलत भावांच्या बायका रोटांच्या स्वयंपाकाला आल्या. मायची खाट मागच्या खोलीत, दाराला पडदा. मी म्हणालो, खाट पुढे आणतो, तुझ्याशिवाय कानबाई कशी? ती म्हणाली, "मी अशी शे. देवीना समोर कशी येऊ?" दरवर्षी माय स्वतः पुढे बसून गाणी उचलायची. या वर्षी पडद्याआडून उचलत होती. पुढे बायका गाण्याची ओळ विसरल्या की आतून मायचा आवाज यायचा आणि गाणं पुढे सरकायचं.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका दर्शनाला यायला लागल्या. रोट परक्यांना देत नाहीत, त्यांना फुटाणे आणि साखर. मी ताट घेऊन वाटत होतो. पलीकडच्या घरातल्या एका बाईने फुटाणे घेतले आणि पदराआडून हसत म्हणाली, "नाना, तुमी बसा ना. एवढं फिराले नको. तुमना काय भरोसा?"

दोघी-तिघी खुसखुसल्या. माझ्या चुलत वहिनीला काही कळेना. "का बरं? काय व्हयनं नानाले?"

"तुमले माहीत नही? लाल पिशवी नानानीच शे ना! भर सभामा सांगं त्यासनी." आणि तिने सगळं सांगितलं, मी उभा कसा राहिलो, लिहून घ्या कसं म्हणालो, रंगवून रंगवून. वीतभर अंतरावर पडदा होता.

आतलं गाणं थांबलं.

"पडदा सरकाव," माय म्हणाली.

मी ताटातले फुटाणे सारखे करत राहिलो.

"पडदा सरकाव म्हंत!" हा आवाज चार गल्ल्या ओलांडणारा. मी ताट खाली ठेवलं आणि पडदा सरकवला. ती भिंतीला टेकून, दोन्ही हातांवर भार देऊन बसली होती. चेहरा लाल झाला होता, आणि तो लाजेने नव्हता. एवढा राग मी तिच्या तोंडावर वडील गेल्यावर वाटणीच्या वेळी पाहिला होता, त्यानंतर नाही.

"ती लाल पिशवी मनी शे," ती म्हणाली. "मना आंडोरनी, नानानी नही. मले लागतस ते फडकं. मी म्हतारी शे. तुमना घरमा कोनी म्हतारं नही का? कोनं धाकलं पोर नही का? मंग त्यासनं कोठे टाकतस? सांगा ना!"

ज्या बाईने गोष्ट रंगवली होती ती हातातल्या फुटाण्यांकडे बघत राहिली. एकीने घाईघाईने देवीला नमस्कार केला आणि चपला शोधायला लागली. मला वाटत होतं, जमीन दुभंगावी आणि त्या सगळ्याच बायका आत जाव्यात, मी नाही. मी काय केलं होतं?

दारात समोरची सिस्टर उभी होती. तिचं घर बौद्ध, कानबाईला ती हात जोडत नाही, पण त्या दिवशी आक्काला भेटायला दरवर्षी येते. ती चौरंगाला वळसा घालून थेट आत गेली, खाटेच्या कडेवर बसली आणि साध्या आवाजात विचारलं, "आक्का, पाठीला, कमरेला जखम नाही ना झालेली?"

मी म्हणालो, "नाही नाही, तसं काही नाही."

माय माझ्याकडे न बघता म्हणाली, "शे एक. दुखस भलती."

मी रोज तिचं करत होतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ. डोळे मिटून, चादरीखाली, तिने सांगितल्याप्रमाणे. आणि तिने जखमही सांगितली नव्हती, कारण जखम सांगितली तर बघावं लागलं असतं. सिस्टरने मला बाहेर जायला सांगितलं आणि पडदा ओढून घेतला. कानबाईसमोर उभं राहून मी पडद्यामागून येणारं मायचं कण्हणं ऐकलं. त्या साहेबांच्या पडद्यावर चार डबे होते. हा आवाज कुठल्या डब्यात टाकायचा, ते मला त्यांना विचारायचं होतं.

सिस्टर तेव्हापासून रोज ड्यूटीवरून आली की मलमपट्टी करून जाते. मला तिने चादर बाजूला करून, डोळे उघडे ठेवून करायला लावलं. मायने पहिल्या दिवशी तोंड फिरवलं, दुसऱ्या दिवशी नाही.

रोजची गाडी काही गल्लीत परत आली नाही. मी अर्ज दिला, पालिकेत जाऊन दोनदा भांडलो, साहेब दोन्ही वेळा शांत होते. प्रयोग यशस्वी झालाय म्हणे, लाल कचरा अगदी कमी निघतो.

त्यानंतरच्या गुरुवारी मी पिशवी कडीला अडकवायला निघालो तर माय म्हणाली, "आठे आन." मी दिली. तिने ती घेतली, खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि पिशवी गल्लीत धरून बसली. काडीसारखा हात, त्यात हिरव्या बांगड्यांऐवजी एक पातळ पाटली, आणि खाली ती लाल पिशवी. येणारे-जाणारे बघत होते. ती त्यांच्याकडे बघत होती. चौकात गाडीचं गाणं सुरू झालं, पण गाडी तिथेच थांबून राहिली. कोणीतरी वाद घालत असेल, नाहीतर ड्रायव्हर चहा पीत असेल. पिशवीच्या वजनाने मायचा हात खाली झुकायला लागला. मी पिशवी घ्यायला गेलो.

"हात लावू नको," ती म्हणाली.

गाडी यायला बराच वेळ लागला. तोपर्यंत तिने हात आत घेतला नाही.